६० किलोचा पोरगा, ७० ची जोड: आमच्याकडच्या एका फाइटचा हिशेब

पोराचं नाव देत नाही, गावाचंही नाही, बेळगावच्या दक्षिणेकडच्या भातशेतीच्या पट्ट्यातला आहे एवढं पुरे. वय २०, उंची ५ फूट ७ इंच, खेळतो ६० किलोत, एरवी वजन साडेबासष्टच्या आसपास. मी त्याचा मेन कोच नाही, दिवसा उद्यमबागमध्ये मशीनवर असतो आणि संध्याकाळी सहा ते आठ बॉक्सिंगच्या हॉलवर पोरांना पॅड धरतो, पण ह्या सगळ्या भानगडीत मोठे सर दोन महिने बाहेरगावी होते आणि होकार माझ्या तोंडून गेला, म्हणून लिहायची पाळीही माझीच.

सुरुवात म्हणाल तर १४ सप्टेंबर २०२५, रविवार सकाळ. गणपती विसर्जन होऊन आठवडा झालेला, पोरांचे घसे अजून बसलेले, आणि हॉलवर आठ-दहा जण एका मोबाईलवर डोकं घालून क्रॉफर्ड-कॅनेलो ही प्रो बॉक्सिंगची फाइट बघत होते. टेरेन्स क्रॉफर्ड १५४ पौंडावरून सरळ १६८ ला गेला, म्हणजे ७० किलोवरून ७६ ला, मधला १६० चा गट गाळूनच टाकला, आणि कॅनेलो अल्वारेझला तिन्ही जजांच्या कार्डावर हरवून आला, ११६-११२ आणि दोनदा ११५-११३. पोरं नाचायला लागली. आमचा हा म्हणाला, "टॅलेंट असलं की वजन काय करतंय ओ सर?" मी हसलो. तिथंच बोलायला पाहिजे होतं. क्रॉफर्ड १३५ पौंडात चॅम्पियन झाला २०१४ ला, १४० मध्ये सगळे बेल्ट गोळा केले २०१७ ला, १४७ मध्ये सगळे घेतले २०२३ ला, १५४ ला पहिली फाइट ऑगस्ट २०२४ ला, आणि त्यानंतरही वर्षभर थांबून मग कॅनेलोसमोर उभा राहिला. ३३ पौंड म्हणजे १५ किलो चढायला त्याला ११ वर्षं लागली. आम्ही ७ आठवड्यांत उरकणार होतो.

नोव्हेंबरात फोन आला. बेळगावपासून तासाभरावर एका गावात कुस्तीचं मैदान, आणि यंदा काहीतरी वेगळं म्हणून शेवटची जोड बॉक्सिंगची, रिंग भाड्यानं आणणार, लाइट, डीजे, सगळं. समोरचा पोरगा बाहेरचा, ७५ किलोत खेळलेला, ५ फूट ११. त्याच्यासाठी आधी ठरवलेला गडी दुखापतीनं बाजूला झाला म्हणून आमच्या पोराचं नाव पुढं आलं. जिंकला तर ५१ हजार, हरला तरी २१. ७० वर दोघं भेटूया म्हणाले, म्हणजे तो पाच खाली येणार आणि आम्ही दहा वर जाणार, "मधलं वजन काढलंय बघा" असं वर सांगितलं आणि मला ते न्यायाचं वाटलं! ६० आणि ७५ चं मधलं साडेसदुसष्ट होतंय हे मला दोन दिवसांनी मशीनवर उभं असताना सुचलं. तोवर त्यांनी फ्लेक्स छापायला दिलेला.

पोराच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या साली अवकाळीनं भात आडवं झालेलं, बापानं सोसायटीचं कर्ज काढलेलं, आणि ६० किलोत जिल्हा-राज्य खेळून हातात काय येतं तर ट्रॅकसूट आणि सर्टिफिकेट. ५१ हजार म्हणजे त्याच्या घराला मोठी रक्कम. बाप म्हणाला, "मास्तर, मला त्यातलं काय कळत नाही, तुम्हीच बघा." हे वाक्य मला अजून टोचतंय.

आमच्याकडं वाढलेल्या माणसाला वजनाचा गट ही गोष्ट तशी परकीच. कुस्तीचं मैदान म्हणजे जोड. वस्ताद लोक दोघांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मान बघतात, मांडीवर एक थाप मारतात आणि जोड लागली किंवा नाही लागली. उन्नीस-बीस चालतंय. हलका गडी हुशार असला तर खाली धरून पडून राहतो, वेळ काढतो, शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात, आणि अगदीच वाईट झालं तर पाठ लागते, लंगोट झाडून घरी. बॉक्सिंगमध्ये खाली पडून वेळ काढता येत नाही आणि जे लागतं ते डोक्याला लागतं. मी एका जुन्या वस्तादांकडं गेलो होतो, सत्तरी ओलांडलेले, त्यांनी पोराच्या मनगटाला अंगठा आणि बोट लावून बघितलं आणि विचारलं, "किती दिवस हायत?" मी म्हटलं सात आठवडे. "सात आठवड्यात म्हस फुगतीया, गडी न्हाई." मला वाटलं म्हाताऱ्याला नवीन सायन्स माहीत नाही.

पोराला मी केल ब्रूकची फाइट दाखवली, घाबरावं म्हणून. ब्रूक १४७ पौंडाचा आयबीएफ ह्या जागतिक संघटनेचा चॅम्पियन, ३६ पैकी ३६ जिंकलेला, आणि १० सप्टेंबर २०१६ ला लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये दोन गट वर जाऊन १६० च्या गेनाडी गोलोव्हकिनसमोर उभा राहिला. गोलोव्हकिनच्या ३५ पैकी ३२ नॉकआउट. डब्ल्यूबीए ह्या दुसऱ्या संघटनेनं तर आपला बेल्ट ह्या फाइटला लावूच दिला नाही. पण दुसऱ्या राउंडमध्ये ब्रूकचे अप्परकट बसतात, पब्लिक उठून उभं राहतं, आणि आमच्या पोरानं तेवढं बघून मोबाईल परत दिला, "चाललंय की भारी." पुढचं बघायला तयार नाही. पुढचं असं की पाचव्या राउंडला त्याच्या कोचनं, डॉमिनिक इंगलनं, टॉवेल टाकला, म्हणजे हार मानून फाइट थांबवली, कारण उजव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं, नंतर ऑपरेशन करून टायटॅनियमची पट्टी बसवावी लागली. आणि मला खरं सांगायचं होतं ते त्याच्याही पुढचं, की हा माणूस परत १४७ ला उतरला, २७ मे २०१७ ला आपल्याच शेफील्डमध्ये एरॉल स्पेन्सशी खेळला आणि तिथं डाव्या डोळ्याचं हाड मोडलं, अकराव्या राउंडला स्वतःच गुडघा टेकून बसला. बेल्ट गेला. पहिल्या फाइटचा पैसा मिळाला असेल भरपूर, पण बिल दुसऱ्या फाइटला आलं. हे मी पोराला सांगितलं का? नाही. त्याला हाडाचं सांगितलं, परत उतरण्याचं नाही सांगितलं, कारण तेव्हा मलाच ते महत्त्वाचं वाटलेलं नव्हतं.

मग खुराक. दिवसाला दोन लिटर दूध, डझनभर केळी, सहा अंडी, आठवड्यातून तीनदा मटण, दुकानातून आणलेला मास गेनरचा डबा, क्रिएटिन, आणि आत्याला कळल्यावर तिनं शहापुरातून कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, पाठवायला सुरुवात केली तो वेगळाच. पहिल्या दहा दिवसांत साडेबासष्टचा ६४ झाला आणि आम्ही खूश. त्यातलं मांस किती? क्रिएटिननं स्नायूत पाणी धरलं जातं, एक-दोन किलो तिथंच जातात, वर भाताचं आणि केळ्याचं ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठलेली साखर, तेही एक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी घेऊन बसतं. आधीच रोज ट्रेनिंग करणाऱ्या पोराचं खरं मांस आठवड्याला पावशेर वाढलं तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे सात आठवड्यांचं फार तर पावणेदोन किलो, बाकी सगळं पाणी आणि चरबी, जे ठोसा मारताना कामाला येत नाही पण पायांना वाहावं तर लागतंच.

मला ते काट्याच्या आधी दोरीनं सांगितलं. स्किपिंगचा एक आवाज असतो, हॉलच्या फरशीवर, हलक्या पोराचा तो टिकटिक असा येतो, डोळे मिटून मी सांगू शकतो कोण दोरी मारालाय. चौथ्या आठवड्यात ह्याचा आवाज बदलला. धप, धप. टाच टेकत होती. मी म्हटलं थकलाय, उद्या बघू.

स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या फाइटला, ७१ किलोचा एक मोठा पोरगा लावला. ठोशांचं म्हणाल तर आमचा चुकवत होता, खरा त्रास क्लिंचमध्ये, म्हणजे मिठीत. जड माणूस गळ्यात पडला की तो काही करत नाही, फक्त वजन टाकतो, मानेवर, आणि तीस सेकंदांत पाय भरून येतात. तिसऱ्या राउंडला आमच्याचं तोंड उघडं. आणि गार्डवर ठोसा घेतला तरी त्याचाच हात त्याच्या कानाला लागत होता, हे ६० किलोच्या पोरांबरोबर कधी झालं नव्हतं. हात कमावता येतो, मान थोडी कमावता येते, पण कवटी आणि आतला मेंदू ६० किलोचाच राहतो, त्याला कुठला डबा लागू होत नाही.

इथं एक उलटं उदाहरण सांगतो, जे मला उशिरा समजलं. १३ नोव्हेंबर २०१० ला मॅनी पॅक्वियाव मार्गारिटोशी खेळला, १५० पौंडाच्या मर्यादेवर. पॅक्वियाव काट्यावर आला १४४.६ ला. मर्यादेपर्यंतसुद्धा भरला नाही! रिंगमध्ये उतरताना मार्गारिटो १६५, पॅक्वियाव १४८, म्हणजे जवळजवळ आठ किलोचा फरक, आणि बारा राउंड धुतला त्याला, कारण पाय आणि हात त्याच्या जुन्याच वजनाचे होते. आम्हाला खेळायचंच होतं तर ६३ वर ठेवून पळवायला पाहिजे होतं. आम्ही पोराकडं होती ती एकमेव गोष्ट, त्याचा वेग, दुधाबरोबर विकून टाकली.

आता वजनकाटा. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता, मंडपाच्या मागं, कांद्याची पोती तोलायचा काटा, कुठल्यातरी अडत दुकानातून टेम्पोत घालून आणलेला, त्याच्यावर अजून सालं चिकटलेली. आमचा ६६.२, पोटात दीड लिटर पाणी आणि पायात बूट धरून. समोरचा ७१.६. मी म्हटलं हे ७० च्या वर आहे. "कपड्यासकट हाय ओ, आणि काटा शंभर-दोनशे ग्रॅम मागंपुढं असतोयच." कपडे म्हणजे एक शॉर्ट. दीड किलोची शॉर्ट. बोलायला पाहिजे होतं, पण बाहेर रस्त्यावर पोराचा फ्लेक्स, वर कन्नडमध्ये मोठं, खाली मराठीत बारीक, "७० किलो महामुकाबला", बापाची गाडी भरून गावातली माणसं येणार. गप्प बसलो.

आणि आदल्या दिवशीचा काटा म्हणजे रात्रभर पाणी प्यायची, जेवायची मुभा. आपल्या अमॅच्युअर स्पर्धांत फाइटच्या दिवशी सकाळी वजन होतं ते ह्याचसाठी, फुगायला वेळ मिळू नये. प्रो मध्ये आदल्या दिवशी होतं, म्हणून आयबीएफनं टायटल फाइटला दुसऱ्या दिवशी सकाळी परत काट्यावर उभं करायचा नियम ठेवलेला, मर्यादेच्या वर १० पौंडांपेक्षा, म्हणजे साडेचार किलोंपेक्षा जास्त चालायचं नाही. आमच्याकडं कोण उभं करणार? दुसऱ्या दिवशी रात्री रिंगमध्ये समोरचा माझ्या अंदाजानं ७५ च्या खाली नव्हता.

फाइटचं फार सांगत नाही. तीन राउंड, तीन-तीन मिनिटं, हेडगार्ड नाही. पहिले दोन आमच्याचे, फिरून फिरून जॅब, पब्लिक वेडं. तिसऱ्याला पाय संपले, दोरीवर गेला, बरगडीत एक बसला, हात खाली आला आणि डावा हूक कानशिलावर. पडला नाही. रेफ्रीनं उभ्या उभ्या आठ मोजले, उरलेली चाळीस सेकंदं त्यानं मिठी मारून काढली. पॉइंटवर २-१, जिंकला.

हो, जिंकला. गुलाल, खांद्यावर, डीजे, ५१ हजाराचा पुठ्ठ्याचा चेक. लोक मला येऊन हात मिळवालेत, "मास्तर, काय तयार केलाय पोरगा!"

तासाभरानं गाडीत बसायच्या आधी टपरीवर चहा घेतला. पोरानं कप बशीत ओतला, अर्धा बाहेर सांडला. मला विचारलं, "सर, किती वाजले?" मी म्हटलं पावणेबारा. दोन मिनिटांनी परत, "सर, किती वाजले?" मी परत सांगितलं. दमलाय म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाकीची पोरं हसली, तोही हसला. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं हे अगदी पुस्तकातलं लक्षण, मी पोरांना स्वतः शिकवलेलं, आणि त्या रात्री माझ्या गळ्यात हार होता.

फाइट हरला असता तर कदाचित वाचला असता. महिनाभर घरी बसला असता. जिंकला म्हणून सत्कार सुरू झाले, तीन गावांत जेवणावळी, वजन ६७. पाच आठवड्यांवर राज्याच्या टीमसाठी निवड चाचणी, त्याच्या जुन्या गटात, ६० ला. हल्लीचे गट ५५, ६०, ६५, ७० असे आहेत, ६५ मध्ये उतरव म्हणून मला दोघं-तिघं बोलले, पण ६५ मध्ये आमच्याकडं दोन मोठी पोरं आधीच होती आणि ६० मध्ये हाच पहिला होता. सात किलो उतरवायचे ठरले.

रॉय जोन्सची गोष्ट मी हॉलवर कितीदा सांगितली असेल. १ मार्च २००३, १७५ पौंडाचा चॅम्पियन वजन भरून १९३ ला गेला आणि २२६ पौंडाच्या जॉन रुईझला हरवून डब्ल्यूबीएचा हेवीवेट बेल्ट घेऊन आला. आधी कधी मिडलवेट, म्हणजे १६० पौंडाचा, चॅम्पियन राहिलेल्या माणसानं हेवीवेट टायटल घ्यायची १८९७ नंतरची पहिली वेळ. मी तिथंच थांबायचो, टाळ्या घ्यायचो. पुढं काय, तर त्यानं ते वजन उतरवलं, नोव्हेंबर २००३ ला १७५ मध्ये अँटोनियो टार्व्हरशी कसाबसा जिंकला, १५ मे २००४ ला त्याच टार्व्हरनं दुसऱ्या राउंडला एका ठोशात झोपवला, आणि सप्टेंबरात ग्लेन जॉन्सननं नवव्याला. तोवर ज्याला कुणी ठोशानं हरवलं नव्हतं तो सहा महिन्यांत दोनदा नॉकआउट. वय ३५ झालेलं हेही खरं, पण चढवलेलं वजन उतरवताना आपलंही मांस जातं, आणि ते कुठून गेलं हे पाय आणि हनुवटी सांगतात.

आमच्या पोराचं उतरवणं म्हणजे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे प्लास्टिकची पिशवी घालून पळणं, मीठ बंद, मग भात बंद, मग शेवटचे दीड दिवस पाणी बंद. चिडचिडा झाला. आईवर ओरडला, कधी ओरडत नाही तो. डोकं दुखतंय म्हणाला दोनदा, मी म्हटलं पाणी कमी झालंय म्हणून. चाचणीच्या सकाळी ६०.३. अर्ध्या तासात जाकीट घालून दोरी, बाटलीत थुंकणं, परत काटा, ६०.०. ओठ पांढरे. वजन झाल्यापासून फाइटपर्यंत साडेचार तास मिळाले, तेवढ्यात पाणी रक्तात येतं पण पूर्ण अंगात मुरत नाही.

समोर जो आला त्याला ह्यानं आधी दोनदा हरवलेलं. दुसऱ्या राउंडला एक साधा जॅब, तोही सरळ, रोज पॅडवर असे पन्नास चुकवतो, आणि खाली बसला. उठला, डोळे माझ्याकडं पण बघत नव्हते. मी टॉवेल टाकायला हात उचलला तोवर रेफ्रीनं थांबवलं. मेडिकल कार्डावर किमान ३० दिवस रिंग बंद. संध्याकाळी खाजगीत डोक्याचा सीटी स्कॅन काढला, नॉर्मल आला, पण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "ह्याच्या आधी कधी लागलेलं?" आणि मला टपरीवरचा चहा आठवला. सीटीत हाड आणि रक्तस्राव दिसतो, मेंदू हलून गेलेला दिसत नाही असं त्यांनी समजावलं, आणि पहिल्या मारानंतर नीट विश्रांती झाली नाही तर दुसरा हलका मारही भारी पडतो असंही. आम्ही ३० च्या जागी ९० दिवस बसवला. पहिले तीन आठवडे त्याला ट्यूबलाइटच्या उजेडाचाही त्रास व्हायचा, हॉलवर आला की टोपी पुढं ओढून कोपऱ्यात बसायचा.

५१ हजारांतले सोसायटीला ३० गेले, डबे-मटण-दुधाचे अकरा-बारा, सीटी आणि डॉक्टर आठ. बाकी माझ्याकडं मागू नका, मीच पदरचे घातलेत.

मोठे सर परत आल्यावर एक शब्द बोलले नाहीत, दोनशे पानी वही आणून टेबलावर ठेवली. रोज सकाळी प्रत्येक पोराचं वजन त्यात, आणि खाली दोन प्रश्न, झोप कशी आणि डोकं दुखतंय काय. पोरं पहिल्यांदा थट्टा करत होती. आता मी विसरलो तर तीच वही काढतात.

पोरगा परत खेळतोय, ६५ मध्ये. घाई नाही, वर्षभर नुसतं स्पारिंग आणि दोन छोट्या फाइट, एक हरला, एक जिंकला. दोरीचा आवाज परत टिकटिक यायला लागलाय. त्याच्या घरामागं गवताच्या गंजीवर तो फ्लेक्स पांघरलाय, पावसात बाकीचं धुवून गेलं तरी "७० किलो" तेवढं रस्त्यावरून दिसतंय.

परवा त्याच आयोजकांचा परत फोन. यंदा बक्षीस लाख रुपये, जोड ७५ ची. मी विचारलं काटा कुठला? ते हसले, म्हणाले आणूया की ओ, काट्याचं काय एवढं. पोरगा शेजारीच हाताला बँडेज गुंडाळत होता, कान इकडंच. फोन ठेवल्यावर काही विचारलं नाही त्यानं. बँडेज तसंच लोंबकळत ठेवून उठला, काट्यावर उभा राहिला आणि वहीत स्वतःच लिहिलं, ६४.१, झोप चांगली, डोकं नाही.